विटांनी बुजवलेल्या खिडकीतली ब्रीहिदा

एलिहिओ क्वाउत्ले प्वेब्ला शहरात लोकांना पायी हिंडवून आणायचा. शनिवार-रविवार सकाळी नऊला मोठ्या चौकातल्या कारंज्यापाशी तो उभा राहायचा, डोक्याला गवती टोपी, हातात कसलीही पाटी नाही. माणसं त्याला आवाजावरून शोधत यायची. त्याआधी बावीस वर्षं तो फरश्यांच्या कारखान्यात रंगारी होता. पांढऱ्या फरशीवर निळा पक्षी, पुन्हा पांढरी फरशी, पुन्हा निळा पक्षी. कारखाना बंद पडला तेव्हा त्याचं वय बेचाळीस होतं, आणि त्याला पक्ष्याशिवाय काहीच काढता येत नव्हतं. पण बोलता येत होतं. चौकातून मिठाईच्या गल्लीत, तिथून चित्रकारांच्या आळीत, मग मंडईत, आणि शेवटी एका अरुंद बोळात तोमासाच्या, तिच्या सासूपासून चालत आलेल्या खानावळीत जेवायला, असा त्याचा रस्ता एकोणीस वर्षं ठरलेला होता.

खानावळीच्या बरोबर समोर एक जुनं घर होतं. त्याची रस्त्याकडची खिडकी विटांनी बुजवलेली होती. जेवायला जाण्याआधी एलिहिओ तिथे थांबायचा आणि ब्रीहिदाची गोष्ट सांगायचा.

शंभरएक वर्षांपूर्वी, क्रांतीच्या दिवसांत, शहर आज एकाच्या हातात, उद्या दुसऱ्याच्या. शिपाई आले की लोक दारांना आडणे घालत. ब्रीहिदा नावाची स्वयंपाकीण दार कुणालाच उघडत नसे, पण खिडकी कधी लावत नसे. खिडकीतून जो हात आत येईल त्यावर ती गरम मेमेला ठेवायची, मक्याची जाड भाकरी, वर घेवड्याचं वाटण आणि हिरवी चटणी. हात कुठल्या बाजूच्या शिपायाचा, हे तिने कधी वाकून पाहिलं नाही. शेवटी एका अधिकाऱ्याला कळलं की ही बाई शत्रूलाही खाऊ घालते. त्याने खिडकी बुजवून टाकली.

ही गोष्ट एलिहिओने मनाने रचली होती. कामाच्या दुसऱ्याच वर्षी बोळाच्या तोंडाशी देवाची मिरवणूक अडकली आणि वीस माणसांना घेऊन त्याला तिथेच ताटकळावं लागलं. कुणीतरी खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, ही का बुजवली. गप्प राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि ब्रीहिदा बाहेर आली. लोकांना आवडली, म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा आली. सतरा वर्षांत ती इतकी पक्की झाली की तोमासाने आपल्या फळ्यावर ‘ब्रीहिदाच्या मेमेला’ असं लिहूनही टाकलं.

तर एका शनिवारी त्याच्या घोळक्यात अत्लिस्कोहून आलेली एक म्हातारी होती. तिचं नाव निकोलासा, वय अठ्ठ्याहत्तर. सोबत मुलगी आम्पारो. निकोलासा सगळ्या रस्ताभर एक शब्द बोलली नव्हती. खिडकीपाशी गोष्ट संपली, लोक खानावळीकडे वळले, तेव्हा तिने एलिहिओची बाही धरली. तिकडे मान द्यायला पुरुषाच्या नावाआधी ‘दॉन’ आणि बाईच्या नावाआधी ‘दोन्या’ लावतात.

“दॉन एलिहिओ, सगळं बरोबर सांगितलंत. शेवट तेवढा चुकलात.”

“कुठला शेवट, दोन्या निकोलासा?”

“अधिकारी-बिधिकारी कोणी नव्हता. खिडकी तिने स्वतःच बुजवून घेतली. बहिणीचा नवरा गवंडी होता, त्याच्याकडून.”

एलिहिओ हसला. असे लोक भेटतात, गोष्टीत आपली एक वीट बसवून जातात. “आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“माझ्या आईने. ब्रीहिदा माझ्या आईची आई.”

एलिहिओचं हसू तोंडावरच राहिलं. निकोलासा मात्र बाजारहाटाबद्दल बोलावं तशी बोलत राहिली. ब्रीहिदाचा मुलगा इलारिओ सैन्यात गेला होता. एक दिवस खिडकीतून खूप हात आले. तिने सगळ्यांवर भाकऱ्या ठेवल्या. दुपारी शेजारीण सांगत आली, अगं, तुझा इलारिओ होता त्यांच्यात, तुझ्या हातची खाऊन पुढे गेला. तो परत आला नाही. हाक का मारली नाही, हेही कळलं नाही. लाजला असेल, घाई असेल, किंवा आई आपला हात ओळखते का ते बघत असेल.

“हात बघायचा नाही हा तिचा नेम होता ना,” निकोलासा म्हणाली. “मग खिडकी नको झाली तिला.”

एलिहिओला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिची गोष्ट आपल्या गोष्टीपेक्षा चांगली होती, हे त्याला लगेच कळलं. अशी गोष्ट आपल्याला सात जन्मांत सुचली नसती, हेही कळलं. पण जी बाई आपण बोळात उभं राहून हवेतून काढली, तिला नात कुठून आली? माझ्याआधी ती होती, की माझ्यामुळे झाली? तो ताटातली भाकरी या कडेवरून त्या कडेला सारत बसला.

आम्पारो त्याच्या शेजारी येऊन बसली आणि आवाज खाली करून म्हणाली, “आईचं मनावर घेऊ नका. ती खोटं बोलते असं नाही माझं म्हणणं. पण हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सात वर्षांमागे माझा मावसभाऊ वेन्सेस तुमच्याबरोबर हिंडून आला आणि त्याने ही खिडकीची गोष्ट जेवताना सांगितली. आईने चमचा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ती माझी आजी.”

“पणजीचं नाव ब्रीहिदाच होतं का तुमच्या?”

आम्पारोने विचार केला. “मी ब्रीहिदाच म्हणते. पण आता म्हणते की पहिल्यापासून म्हणत होते, ते नाही सांगता येणार.”

ताटं न्यायला आलेल्या तोमासाने शेवटचं ऐकलं होतं. “माझी सासूसुद्धा सांगायची हो, त्या घरातून एक बाई लोकांना जेवू घालायची म्हणून.”

“कधी सांगायची?” एलिहिओ जवळजवळ उभाच राहिला.

“मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात.”

“लग्न कधी झालं तुझं?”

“पंधरा वर्षं होतील.”

एलिहिओ पुन्हा खाली बसला. पंधरा वर्षांपूर्वी तो ही गोष्ट तोमासाच्या सासूच्या खिडकीखाली आठवड्यातून दोनदा मोठ्याने सांगत होता.

सोमवारी तो चोलूलाला आपल्या थोरल्या बहिणीकडे गेला. ओतिलिया अंगणात घेवडा सोलत होती. त्याने तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं आणि विचारलं, आपल्या आईने कधी ब्रीहिदाचं नाव काढलं होतं का.

“काढायची की. रोज.”

एलिहिओ पुढे सरकला. “काय म्हणायची?”

“ब्रीहिदा, उतर खाली, छप्पर मोडेल. आपली शेळी होती ती, एलिहिओ. करडी. विसरलास?”

तो खरंच विसरला होता. त्याने कपाळाला हात लावला. ओतिलियाचं सोलणं चालूच होतं. मग ती आपणहून म्हणाली, “पण हातांचा खेळ आईचा होता.”

“कसला खेळ?”

“तू खायचा नाहीस. मग आई दोरीवर चादर टाकायची, आपण पलीकडून हात घालायचे, आणि ती न बघता हातावर भाकरी ठेवायची. मग सांगायची, हा ओतिलियाचा, हा एलिहिओचा. कधीच चुकली नाही.”

“हा खेळ तिला कुणी शिकवला?”

“मला काय माहीत? खेळ कुणी शिकवतं का?”

“आई भोपळ्याची फुलं विकायला शहरात जायची ना? त्याच बोळात जायची का?”

“सगळ्याच बोळांत जायची.” ओतिलियाने टोपली बाजूला केली आणि भावाकडे नीट पाहिलं. “तू साठीला आलास. शेळीचं नाव, आईचा खेळ, एवढं मिसळून तू गोष्ट केलीस. झालं. कशाला जीव जाळतोस?”

परतीच्या बसमध्ये एलिहिओने हिशोब मांडून पाहिला. शेळी आणि खेळ मिळून गोष्ट झाली असेल, तर निकोलासाची आजी खोटी. पण आईने तो खेळ त्या बोळातल्या कुणा बाईबद्दल ऐकून केला असेल, तर आजी खरी आणि आपण फक्त तोंड. आणि मग शेळीला ते नाव कुणी दिलं? आईनेच दिलं असणार. कशावरून दिलं? इथे आला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. त्या नादात त्याचा थांबा मागे पडला आणि दोन मैल उलटं चालावं लागलं.

पुढच्या शनिवारी त्याने ठरवलं की खरं सांगून टाकायचं. खिडकीपाशी तो म्हणाला, “ही गोष्ट मी रचलेली आहे. इथे अशी कोणी बाई होऊन गेली की नाही, मला ठाऊक नाही.” लोक एकमेकांकडे बघू लागले. एका शाळामास्तराने विचारलं, “मग आम्हाला इथे थांबवलंत कशासाठी?” एलिहिओने टोपी सारखी केली आणि सगळ्यांना जेवायला नेलं. खानावळीत तोमासा त्याच्यावर जाम वैतागली. “लोक मला विचारताहेत, ब्रीहिदा खोटी तर मेमेला तरी खऱ्या का. आता फळ्यावर काय लिहू, तुमच्या शेळीचा फोटो लावू?” शेळीची बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली, हेही त्याला उमगलं नाही.

बुधवारी तो अत्लिस्कोला निकोलासाच्या घरी गेला. ती ओसरीवर बसली होती. आम्पारोने कॉफी आणून ठेवली आणि ती आत गेली. एलिहिओने टोपी गुडघ्यावर ठेवून, मिरवणुकीपासून शेळीपर्यंत, काही न लपवता सांगितलं. आता ही रडेल किंवा घालवून देईल, असं त्याला वाटत होतं.

निकोलासाने विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं नाही, नुसतं सुचलं?”

“नुसतं सुचलं.”

“मग तेही पंचाईतच.” तिने कप खाली ठेवला. “माझ्या आईने मला एकदाच सांगितलं. मी नऊ वर्षांची, ती माझे केस धूत होती. डोळ्यांत साबण जाईल म्हणून मी डोळे मिटलेले. वेन्सेसने सांगेपर्यंत मला त्यातलं काही आठवत नव्हतं. तो सांगत गेला आणि मला आईचा आवाज ऐकू येत गेला. आता तो आवाज तेव्हाचा, की तुमची गोष्ट ऐकून मी घातलेला, ते मला कळत नाही. आम्पारोला वाटतं मला कळत नाही की मला कळत नाही.”

“आणि इलारिओ?”

तिने आतून एक फोटो आणवला. टोपीतला तरुण मुलगा, हात पाठीमागे घेतलेले. मागच्या बाजूला शाईने फक्त एक फिकट अक्षर. “हा इलारिओ, असं मी म्हणते. माझी चुलत बहीण म्हणते हा ओनोरिओ, दुसऱ्याच घरचा. आमच्या लिपीत दोन्ही नावांचं पहिलं अक्षर एकच. तिचंही बरोबर असेल.”

दोघं फोटोकडे पाहत राहिली. एलिहिओला वाटलं, हात समोर असते तर निदान काहीतरी कळलं असतं. मग त्याचं त्यालाच कळेना, काय कळलं असतं.

“मी तुमच्या फेरीला सात वर्षं आले नाही,” निकोलासा म्हणाली. “तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं मनातलं आहे, याची भीती वाटायची. आता तुम्हीच येऊन ते म्हणालात, आणि माझ्या मनातली आजी काही गेली नाही. तिथेच आहे. याचं काय करायचं?”

“मला माहीत नाही, दोन्या निकोलासा.”

“मलाही. कॉफी घ्या, गार होतेय.”

निघताना तिने एकच गोष्ट मागितली. गोष्ट सांगा, न सांगा, पण मुलगा परत आला असं कधी सांगू नका. लोकांना बरं वाटावं म्हणूनसुद्धा नको.

तेव्हापासून एलिहिओ खिडकीपाशी दोन्ही शेवट सांगतो, आणि दोन्हींबद्दल आपली खात्री नाही हेही सांगतो. काही लोकांना हे आवडत नाही. महिन्यातून एखाद्या शनिवारी निकोलासा अत्लिस्कोहून येते, तोमासाने बाहेर टाकलेल्या खुर्चीत बसते आणि मधे मधे त्याला दुरुस्त करते. मागच्या खेपेला तिने सांगितलं, इलारिओच्या बोटात पितळी अंगठी होती. त्याआधी तिने सांगितलं होतं, त्याच्या अंगावर धड सदराही नव्हता. एलिहिओने ते तिच्या ध्यानात आणून दिलं नाही. त्याने अंगठीही गोष्टीत घेतली, आणि घरी गेल्यावर आपण तसं का केलं याचा विचार करत राहिला.

परवा घोळक्यातल्या एका मुलीने विचारलं, “पण हा इलारिओ होता, असं म्हणतं कोण?”

“दोन्या निकोलासा,” एलिहिओ म्हणाला.

त्याच क्षणी खुर्चीतून निकोलासा म्हणाली, “दॉन एलिहिओ.”

मुलगी दोघांकडे पाहत राहिली. आतून तोमासाने जेवण वाढल्याची हाक मारली आणि सगळे आत गेले.