केकवरचा हात

माझ्या नाकावर राग असतो हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या डिसेंबरात ते माझ्या फोनलाही कळलं. एका ॲपशी मी अख्खा रविवार भांडत बसले होते.

ॲप साधंच होतं. जुना फोटो द्यायचा आणि सांगायचं, कॅमेरा जरा मागे ने, जरा बाजूला सरक. मग ते तोच प्रसंग वेगळ्या कोनातून दाखवतं आणि मूळ फोटोत जे आलेलंच नाही, ते अंदाजाने भरून काढतं. ऑफिसातल्या एका मुलीने तिच्या लग्नाचे फोटो असे फिरवून दाखवले, तेव्हाच माझ्या डोक्यात माझ्या सहाव्या वाढदिवसाचा फोटो आला.

हे सगळं आईसाठी चाललं होतं. बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी मी तिला गाझियाबादला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. सुरुवातीला ती बरी होती. खाली बागेत जायची, भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत घालायची. मग जानेवारी आला. सोसायटीतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. मला बोलावणं आलं, आईला नाही. मी तणतणले, त्या बाईला फोन लावायला निघाले, तर आई म्हणाली, "जाऊ दे गं, रीतच आहे ती." त्या दिवसापासून आई खोलीतून बाहेर पडेनाशी झाली. वर्ष होत आलं तरी तेच. टीव्ही चालू असायचा आणि ती खिडकीकडे तोंड करून बसलेली असायची. मला तिला त्या खोलीतून बाहेर काढायचं होतं. बाकी सगळे उपाय करून झाले होते, म्हणून हा.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची बारा वर्षं गेली. ते क्वार्टर आता पाडलेत. मला वाटलं, आईला तिचं घर परत दाखवावं, तिच्यासकट. कारण वाढदिवसाच्या त्या फोटोत आई नाही. मी आहे, कागदी टोपी घातलेली. पाच-सहा पोरं आहेत, टेबलावर केक आहे. आणि उजव्या कडेने एका बाईचा हात कोपरापर्यंत आत आलाय. त्या हाताने माझा सुरी धरलेला हात धरलाय. तेवढाच. जन्मभर मी तो हात आईचा म्हणून पाहत आले.

तेव्हा ॲपला म्हटलं, कॅमेरा मागे घे आणि या हाताची बाई पूर्ण दाखव. चेहऱ्यासाठी आईचा त्या काळातला एक फोटोही दिला. मिनिटभरात आई आली. निळी साडी, केसात गजरा, माझ्यावर वाकलेली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण राग यायलाही वेळ लागला नाही, कारण आईच्या मागे स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, आणि ते उजवीकडे होतं. आमचं स्वयंपाकघर दारातून आत शिरलं की डाव्या हाताला. डोळे मिटून पाणी आणलंय मी तिथून. मी लिहिलं, चूक, दार डावीकडे. ॲपने पुन्हा उजवीकडे काढलं. मी पुन्हा लिहिलं, जरा चढ्या भाषेत. पाचव्या खेपेला ते बिचारं नमलं आणि दार डावीकडे गेलं.

फोटो छापून आणला, फ्रेम केला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

तिने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, भरून आलंय तिला.

"स्वयंपाकघर उजवीकडे होतं," ती म्हणाली.

"काय आई! आपलं डावीकडे होतं. बिल्कुल डावीकडे."

"आपलं डावीकडेच होतं. हे आपलं घर नाही."

मी मूळ फोटो आणला. तिने उजव्या कडेवर बोट ठेवलं. हाताच्या मागे दाराच्या चौकटीची पिवळट पट्टी दिसत होती, बोटभर रुंद. इतक्या वर्षांत ती मला दिसली नव्हती. ॲपला दिसली होती. आमच्या जिन्यावर दोन क्वार्टर समोरासमोर होते, एक दुसऱ्याच्या उलट बांधलेला. आमचं स्वयंपाकघर डावीकडे, समोरच्या आंटींचं उजवीकडे. बाकी सगळं तेच, भिंतीचा सरकारी रंगसुद्धा. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

"हा हातही माझा नाही," आई म्हणाली. "मी तेव्हा हॉस्पिटलात होते."

"मामाकडे गेली होतीस ना? पण ते तर वाढदिवसानंतर!"

"मामाकडे असं तुला सांगितलं होतं, आणि गेले ती वाढदिवसाआधीच. तुझ्या पाठीवरचं गेलं ते पोटातच. तुझे बाबा माझ्यापाशी होते. तुझा वाढदिवस कुणाच्या लक्षात राहणार? पण हिच्या, समोरच्या आंटींच्या, राहिला. हिने घरी केक केला, कॉलनीतली पोरं गोळा केली आणि अंकलनी फोटो काढला. मी घरी आले तेव्हा तू मला सांगत होतीस, आई, मस्त बर्थडे झाला."

आंटी पहाडी होत्या, गढवालच्या. त्यांच्या हातचा राजमा मला अजून आठवतो. पण आमच्या घरात त्यांचं नाव निघत नसे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. पण फोटो हातात धरून बसले असताना मला ते आपोआप आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. अंकलना जाऊन तीनेक महिने झाले असतील. संक्रांत आली. दरवर्षी आईच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या सगळ्या बायका यायच्या, पंजाबी, बंगाली, सगळ्या, आणि आंटी सर्वांत आधी. बोलावणी करायला नेहमी मी जायची. त्या वर्षी आईने केसांना फणी फिरवता फिरवता सांगितलं, "समोर नको सांगूस हं." मी नाही सांगितलं. संध्याकाळी बायका जिना चढून येऊ लागल्या तेव्हा आंटींनी दार उघडलं. आमच्याकडे पाहिलं. माझ्या हातात अत्तरदाणी होती. त्यांनी हळूच दार लावून घेतलं, आवाजसुद्धा केला नाही.

मी ती संक्रांत बोलून दाखवली. "मला रीत माहीत होती, दुसरं काही माहीत नव्हतं," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागणार होते. नाही गेले. मग लाज वाटायला लागली, मग बदलीचं निमित्त झालं. आणि आता बघ, मला कुणी बोलावलं नाही तर मी वर्षभर तोंड लपवून बसलेय. ती तर समोरच राहायची गं."

मग माझी ती फ्रेम तिने परत माझ्या हातात दिली. "हे काढून टाक. मी नव्हते तिथे. ती होती."

मी त्याच दिवशी जुन्या कॉलनीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. दोन दिवसांत पत्ता लागला. आंटी दिल्लीतच, मुनिरकाला मुलीकडे होत्या. मी म्हटलं, फोन कर. आई म्हणाली, फोनवर नाही.

संक्रांतीच्या दिवशी आम्ही निघालो. आईने स्वतः तिळाचे लाडू वळले होते. वर्षभराने ती नीट नेसलेली पाहत होते मी. पर्समध्ये हळदीकुंकवाची कुयरी होती, लाडवांचा डबा होता आणि मूळ फोटो होता, वहीच्या दोन पानांत जपून ठेवलेला. गाडीत ती तोंडातल्या तोंडात हिंदी वाक्यं जुळवत होती, शाळेतली मुलं पाठांतर करतात तशी.

दार मुलीने उघडलं. आंटी आत सोफ्यावर होत्या, शाल गुंडाळलेल्या, खूप लहान झालेल्या. आईने एकही पाठ केलेलं वाक्य म्हटलं नाही. तिने फोटो पुढे केला आणि त्या हातावर बोट ठेवलं.

आंटींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "केक बीच में से कच्चा था. तूने फिर भी दो बार खाया."

आई रडायला लागली. मीही. आंटी मात्र रडल्या नाहीत. आईच्या मनगटाला धरून त्यांनी तिला शेजारी बसवलं.

"सामने का ही तो दरवाज़ा था," त्या म्हणाल्या. "तीस साल लगा दिए."

आईने कुयरी उघडली. तिने आंटींच्या कपाळाला हळद लावली, मग कुंकू. आंटींनी डोळे मिटून घेतले होते. उघडल्यावर त्यांनी कुयरी आपल्याकडे ओढली आणि बोट कुंकवात बुडवलं. आई क्षणभर मागे सरली. मग तिने कपाळ पुढे केलं.