आमेन नको, मत सांगा

तर शाळेची बस पाण्याखाली गेलेल्या पुलाच्या अलीकडे उभी आणि अर्मेटा ब्रेकवरचा पाय काढायला तयार नाही, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. पुढं काय झालं, तर शाळाखात्याचा मोठा साहेब स्वतःची गाडी घेऊन आला आणि काच खाली करून म्हणाला, "पाणी घोट्याएवढं आहे गं, घाल बस." अर्मेटा म्हणाली, "मग साहेब, तुम्ही पुढं चाला. मी तुमच्या मागून आणते." साहेब उतरला, थोडा गेला, मांडीपर्यंत भिजला आणि एक बूट गमावून परत आला. पोरांनी खिडक्यांतून टाळ्या पिटल्या. अशी ती बाई.

पण परक्या साहेबाला अडवणं वेगळं, आणि ज्यानं आपल्या नवऱ्याच्या उशाशी बसून शेवटची प्रार्थना म्हटली, त्या पाळकाला अडवणं वेगळं. आज ते सांगतो.

आमच्या स्वीटगम गावची शाळा सरकारनं बंद केली, पोरं कमी म्हणून. लेकरं सोयाबीनच्या रानांतून तासभर बसनं दुसऱ्या गावी जाऊ लागली. लहानगी तर परतीला बसमध्येच झोपायची. तेव्हा आमच्या चर्चचे पाळक हॅस्कल बूकर यांनी राजधानीला खेटे घालून सनद आणली. सनदी शाळा म्हणजे पैसा सरकारचा, कारभार गावातल्या मंडळाचा. पण काही वर्षांनी सरकार येऊन बघणार, आणि कारभार नीट नसेल तर सनद गेली. शाळा भरायची चर्चच्या हॉलमध्ये. मंडळाचे अध्यक्ष पाळकसाहेब. मुख्याध्यापक त्यांचा जावई डेक्स्टर. अर्मेटा बसवरून निवृत्त झाल्यावर तिलाही मंडळावर घेतलं, आणि तिची नात निला त्याच शाळेत शिकायला.

मंडळाची रीत अशी होती. पाळकसाहेब ठराव वाचायचे, मग सगळ्यांनी हात हातात धरून प्रार्थना, आणि शेवटी सगळे मिळून "आमेन". ठराव मंजूर. मग बाहेर तळलेला कॅटफिश. कढई माझी, त्यामुळे मी मंडळावर नसूनही एकही सभा चुकवली नाही. इतक्या वर्षांत कुणी विरोध केला नव्हता. करणार कसा? प्रार्थना संपताना 'नाही' कोण म्हणतं?

सनदेची मुदत संपत आली तशी राजधानीहून तपासणीला स्ट्रिकलंड नावाची बाई आली. तरणी, सडपातळ, मासा काट्याचमच्यानं खाणारी. तिनं मंडळाला विचारलं, "डेक्स्टर यांची मुख्याध्यापकपदाची मुदत तुम्ही वाढवलीत, तेव्हा कुणी काय मत दिलं?"

मंडळातला म्हातारा होसीया म्हणाला, "पोरी, सगळ्यांचं देवानं ऐकलंय."

"काका," ती म्हणाली, "देवाची साक्ष मला अहवालात घालता येत नाही."

आम्ही हसलो. पाळकसाहेब हसले नाहीत.

ती शाळाभर फिरली आणि कोट टांगायच्या खोलीपाशी थांबली. आत वाचनात मागं पडलेली पोरं रंगीत खडू घेऊन बसली होती. अशा पोरांना वेगळा शिक्षक द्यावा असा कायदा आहे. डेक्स्टरनं तो नेमलाच नव्हता. मिळत नाही म्हणायचा. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं? निला त्याच खोलीत बसायची. अर्मेटानं विचारलं की तो म्हणायचा, "बघतो ना मावशी," आणि तिच्यासाठी दार उघडून धरायचा. वागायला गोड पोरगा.

स्ट्रिकलंडबाईनं सांगितलं, आमेनवर दिलेली मुदतवाढ धरता येणार नाही. पुन्हा सभा घ्या, दारं उघडी ठेवून. एकेकानं नाव सांगून मत द्यायचं. आणि पाळकसाहेब सासरे लागतात, म्हणून त्यांनी मत द्यायचं नाही. सनदेचं काय ते ती त्यानंतर ठरवणार होती.

सभेच्या दुपारी मी अर्मेटाच्या ओसरीवर वाटाणे सोलत बसलो होतो. पाळकसाहेब आले. टोपी काढली, पण बसले नाहीत.

"ताई, निला कशी आहे?"

"आहे. कालच झेब्रा रंगवला तिनं. हिरवा."

"डेक्स्टरला थोडा वेळ द्या. पोरगा शिकतोय."

"तो शिकतोय, पाळकसाहेब. पोरं शिकत नाहीत."

त्यांनी टोपी हातात फिरवली. आवाज चढवला नाही; आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "हॉल चर्चचा आहे. माझ्या घरच्या माणसाला गावासमोर उतरवणार असाल, तर हॉल शाळेला द्यायचा की नाही, हे चर्चला बघावं लागेल. आणि चर्च म्हणजे कोण, ते तुम्हाला माहीत आहे."

ते गेले. मी म्हटलं, "अर्मेटा, हॉल गेला तर पोरं पुन्हा त्या बसमध्ये."

"मला सांगतोस? ती बस मी चालवलीय," ती म्हणाली. "वाटाणे सोल."

संध्याकाळी हॉल गच्च भरला. टेबलाशी सहा जण आणि स्ट्रिकलंडबाई. पाळकसाहेब नियमाप्रमाणे टेबलावरून उठले, आणि सगळ्यांसमोर पहिल्या रांगेत, बरोबर अर्मेटाच्या समोर येऊन बसले. बाईला त्यांना उठवता येईना. सभा उघडी होती. ऐकायला कुणीही बसावं.

"सहा मतं," ती म्हणाली. "ठरावाला निम्म्याहून जास्त हवीत. तीन-तीन झाली तर ठराव पडला. डेक्स्टर यांना मुदतवाढ द्यायची का? होसीया काका?"

"आमेन," होसीया म्हणाला.

"आमेन नको, काका. मत सांगा."

"तेच सांगितलं की." मागं कुणी तरी खुसखुसलं. होसीयानं पाळकसाहेबांकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "होसीया बँक्स. हो."

दुसरा हो. तिसरी, ऑर्गन वाजवणारी, 'हो' इतकं हळू म्हणाली की बाईला परत विचारावं लागलं. मग केस कापणारा रॉस्को म्हणाला, "नाही," आणि कपाळ पुसलं. पाळकसाहेबांच्या घरातले सगळे त्याच्याकडे केस कापून घ्यायचे. त्याच्या शेजारचाही नाही म्हणाला. तीन आणि दोन. उरली अर्मेटा.

डेक्स्टर भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. अर्मेटानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पाळकसाहेब जागेवरूनच म्हणाले, "ताई, उद्या या हॉलला कुलूप लागलं तर या लेकरांच्या आयांना काय सांगणार आहात?"

"साहेब, तुम्हाला बोलता येणार नाही," स्ट्रिकलंडबाई म्हणाली.

"बोलू दे त्यांना," अर्मेटा म्हणाली. "विचारलंय तर उत्तर देते. कुलूप लावायचं तर लावा, पाळकसाहेब, पण सकाळी लेकरांसमोर लावा, आणि त्यांच्या आयांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. बाई, लिहून घ्या. अर्मेटा टॉलिव्हर. नाही. आणि पाळकसाहेब, रविवारी मी येणार आहे, माझ्या नेहमीच्या बाकावर. तिथं दुसऱ्या कुणाला बसवू नका."