एका घरचे पाच शब्द

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत तीन खोल्या होत्या आणि त्यातली सगळ्यात मोठी माणसांची नव्हती, चिठ्ठ्यांची होती. एका शब्दाला एक चिठ्ठी. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो शब्द वापरलेलं एखादं वाक्य. अशा साठ हजार चिठ्ठ्या लाकडी खणांत वर्णक्रमाने लावलेल्या होत्या. खणांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असायच्या, त्यांना सगळे कपाटकाका म्हणायचे. शिक्षण सातवीपर्यंत. पण शब्द विचारायचा अवकाश, काका चष्मा न लावता बरोबर त्या खणावर बोट ठेवायचे. मी दोन पदव्या घेऊन नव्याने लागलेली सहसंपादक. मला या गोष्टीचा चक्क रागच यायचा.

काकांची शिस्त एकच होती. खणातून चिठ्ठी काढली की तिच्या जागी लाल चिठ्ठी ठेवायची, आणि मूळ चिठ्ठी कुठे गेली ते तिच्यावर लिहायचं. याला ते ‘रजेचा अर्ज’ म्हणत. एकदा खुद्द संपादकबाईंनी अर्ज न ठेवता एक शब्द नेला, तर काका तासभर त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. शेवटी बाईंनीच निमूटपणे लाल चिठ्ठी मागून घेतली.

दर बुधवारी एक निवृत्त भाषाशिक्षक यायचे. अरबी-फारसीतून मराठीत आलेले शब्द ते तपासून देत. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. एका बुधवारी चहा पिता पिता ते काकांना सहज म्हणाले, की अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतात. मधले स्वर बदलले, पुढेमागे काही जोडलं, की त्याच मुळातून नवा शब्द. उदाहरण म्हणून त्यांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून ख, ल आणि स काढले. मूळ अर्थ मोकळं होणं, निर्भेळ होणं. सुटलं, संपलं ते खलास. गुंता सोडवून सांगितला तो खुलासा. मधला वाटेकरी काढून थेट सरकारात जमा केलेला मुलूख खालसा. ज्याच्या मनात भेसळ नाही तो निखालस. आणि जहाजावरचा खलाशीसुद्धा याच घरचा.

काकांच्या कपातला चहा गार झाला.

"म्हणजे खलाशी आणि निखालस भाऊ-भाऊ," ते म्हणाले. "आणि मी त्यांना तीस वर्षं वेगळ्या खणांत ठेवलं."

झालं, काकांना नादच लागला. महसूल, तहसील आणि ‘त्यात काय हशील’ मधलं हशील एका आईची लेकरं निघाली, तेव्हा ते दिवसभर स्वतःशी हसत होते. अंमल गाजवणारा अधिकारी आणि अंमली पदार्थ एका मुळातले कसे, हे विचारत त्यांनी उस्तादांना जिना उतरेपर्यंत सोडलं नाही. घरीही तीच तऱ्हा. काकू एकदा विसरलेला जेवणाचा डबा द्यायला आल्या, तेव्हा माझ्यापाशी कुरकुरल्या, की यांनी फळी आवरायला घेतली आणि चहा, साखर, गाळणं सगळं एकाच डब्यात कोंबलं. का, तर म्हणे ही एका घरची.

कचेरीतही त्यांनी तेच चालवलं होतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटच्या कपाटातल्या रिकाम्या खणात त्यांनी शब्दांची अकरा घरं वसवली होती. बेचाळीस चिठ्ठ्या, प्रत्येक घर वेगळ्या दोऱ्याने बांधलेलं. आणि जिथून चिठ्ठी उचलली तिथे लाल चिठ्ठी होतीच, ‘शेवटचा खण, घर पहिलं’ असं लिहिलेली.

पुढे छपाईची घाई सुरू झाली. चिठ्ठ्या छापखान्यात जायच्या होत्या आणि काका लेकीच्या बाळंतपणासाठी चार दिवस रजेवर होते. खणांतून अधूनमधून डोकावणारं लाल बघून माझं डोकं फिरलं. शब्द परत आलेत आणि काका लाल चिठ्ठ्या काढायला विसरलेत, असं मी ठरवून टाकलं. सगळ्या उपटल्या, चुरगळल्या आणि टोपलीत टाकल्या. वाचली एकही नाही. काका एकदाचे चुकले, याचा आनंदच जास्त झाला होता. काका परतायच्या आत चिठ्ठ्या छापखान्यात गेल्याही.

दोन महिन्यांनी छापलेली पानं तपासायला आली. संपादकबाईंनी ‘ख’ चाळला. खलास नाही, खालसा नाही, खुलासा नाही. काकांनी मुकाट्याने शेवटचा खण उघडून दाखवला. बाईंनी दोऱ्यात बांधलेली घरं बघितली आणि त्यांचा आवाज चढला. हे असं का केलं ते संध्याकाळपर्यंत लेखी द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी बजावलं. काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

माझी नोकरी कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात बाईंच्या सहीसाठी गेला होता. मी गप्प बसले. सरळ सांगते, भ्याले.

दुपारी राहवेना म्हणून चिठ्ठ्यांच्या खोलीत गेले. काका कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. शेजारी जिन्याखालचं, वर्षातून एकदाच विकलं जाणारं रद्दीचं पोतं, आणि त्यातून शोधून, तळहाताने सपाट केलेल्या लाल चिठ्ठ्या. त्यांच्यासोबत माझ्याच अक्षरातले चार चुरगळलेले कागद होते. कुणाची टोपली त्या पोत्यात रिकामी झाली होती, हे विचारायची गरज नव्हती.

"बाईंना का नाही दाखवल्या?" मी विचारलं.

"संध्याकाळ व्हायचीय अजून," काका म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

त्यांच्या पुढचा कोरा कागद मी ओढून घेतला आणि लिहिलं, ‘घाईगडबडीत लाल चिठ्ठ्या अनवधानाने काढल्या गेल्या.’ काकांनी चष्मा लावून वाचलं.

"कोणी?" ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाक्य खोडून खाली लिहिलं, ‘लाल चिठ्ठ्या मी काढल्या. वाचल्या नाहीत.’ आणि तो कागद बाईंसमोर नेऊन ठेवला.

काका राहिले. पानं पुन्हा जुळवली गेली, चिठ्ठ्या आपापल्या खणांत परतल्या. माझा कायम होण्याचा कागद वर्षभर लांबला, आणि ते योग्यच झालं. चार महिन्यांनी काकांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि घरी गेले.

कोश छापून आला तेव्हा मी आधी ‘ख’ उघडला. खुलासा. अर्थ तोच होता, पण खालचं वाक्य नवं होतं: ‘लाल चिठ्ठ्या मी काढल्या, असा तिने खुलासा केला.’ चिठ्ठ्या परत लावताना काकांनी दोन वाक्यं बदलायची बाईंकडे परवानगी मागितली होती, हे मला तेव्हा कळलं. दुसरं कुठलं, हे विचारावं लागलं नाही. ज्या घरातलं पहिलं, त्याच घरातलं दुसरं असणार. मी ‘न’ काढला.

‘ती तापट आहे, पण मनाने निखालस.’