आमच्या कॅसेटवर झील कोणी ओढली

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी कारखान्याच्या निवडणुकीच्या जीपमध्ये जाऊन बसलो, ही चूक माझीच. पॅनेलवाल्यांना कर्ण्यावर बोलायला माणूस हवा होता आणि माईक दिसला की माझं भान सुटतं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गावोगाव ओरडत फिरलो. दुसऱ्या दिवशी उठलो, तर घशातून नुसती हवा. बायकोनं हळदीचं दूध पुढं ठेवलं. लग्न नवं होतं, म्हणून एवढ्यावरच भागलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत आमचा चौघांचा रॉक बँड होता. गिटारवाला वालचंदनगरच्या कंपनी क्वार्टर्समधला, ड्रम लग्नाच्या बँडवाल्याकडून उसने आणलेले. मी मागचा गायक. पुण्यातल्या एका स्पर्धेला नमुन्याची कॅसेट पाठवायची होती आणि इंदापुरात एका मंडपवाल्याच्या दुकानामागची रेकॉर्डिंगची खोली आम्हाला त्या एकाच दुपारी मिळाली होती. एरवी तिथं भजनं भरत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर वाकळा टांगलेल्या.

सामान न्यायला माझे चुलते, तात्या, शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन आले होते. माळेगावला कारखान्यात कामाला. आमच्या घरातली मेंढरं जाऊन नोकऱ्या आल्या, तरी देवाच्या कार्यात ओव्या सुरू झाल्या की तात्या झील ओढायला मागं उभे राहायचेच. झील म्हणजे पुढच्यानं ओळ टाकायची आणि मागच्यांनी तिचा शेवटचा शब्द उचलून दम असेतो लांबवायचा.

मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा मशीनवाल्यानं टेप थांबवली. गिटारवाला खाली मान घालून तारा पुसत बसला. तेव्हा तात्या दारातून आमच्या पुढच्या गायकाला म्हणाले, "तू म्हन रं. शेवटचा शबूद तेवढा माझ्याकडं सोड."

कानावर हात ठेवून त्यांनी जो सूर लावला, त्यानं मशीनचा काटा पार टोकाला जाऊन चिकटला. मशीनवाल्यानं त्यांना आधी भिंतीशी, मग उंबऱ्याबाहेर उभं केलं. तिथून ते पुरं गाणं तसेच गायले. गाणं मोटारसायकलवर होतं, पण तात्यांचा सूर लागल्यावर ते माळावरून निघालंय असं वाटायला लागलं. आम्हाला ते फार आवडलं.

कॅसेटच्या डब्यांतली कार्डं मात्र मी आधीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती. मागचा आवाज, त्यापुढं माझं नाव. खोडलं तर घाण दिसेल, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे एक कॅसेट सासरवाडीला द्यायची होती.

स्पर्धेवाल्यांनी आमच्या कॅसेटचं काय केलं ते कधी कळलं नाही. पुढच्या रविवारी तात्या मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, कारखान्यातल्या दोघा सोबत्यांना घेऊन घरी आले. आपला आवाज कॅसेटीत गेल्याचं ते आठवडाभर पाळीवरच्या प्रत्येकाला सांगत होते. मी गाणं लावलं. तिघं माना डोलावत ऐकत होते. तेवढ्यात एका सोबत्यानं डबा उघडून कार्ड वाचलं.

"तात्या, हितं तुमचं नाव न्हाय."

तात्यांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरून सावकाश वाचलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"मी कुठं म्हनलो? मी भाईर टेम्पोत बसलो हुतो. मागनं आमचा पोरगाच म्हनलाय."

"पर तुमीच तर सांगत हुता," सोबती म्हणाला.

"गंमत केली रं," तात्या म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

सोबत्यांनी माझी पाठ थोपटली. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात बिस्किट घातलं. तात्या गेले ते त्यांना दिलेली कॅसेट इथंच ठेवून.

बायकोनं कपबशा उचलल्या. मग कोरी कार्डं आणि पेन माझ्यासमोर आणून ठेवत म्हणाली, "सगळी नव्यानं लिहा. पयली कॅसेट माळेगावला, त्या दोघांच्या हातात द्या. दुसरी माझ्या माहेरी. जावयाचं अक्षर चांगलं हाय, एवढं कळलं तरी तिकडं पुष्कळ झालं."