डावा कोपरा आणि नानांची खात्री

नाना सरांनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी धुळ्याच्या कॉलेजच्या मैदानावर पंचांशी कडाकडा भांडत होते. ते शांतपणे अहिराणीत म्हणाले, "भांडन व्हयनं व्हई तं चढाई करी दखाड." मी चढाई केली, तिघींना बाद करून परतले आणि नानांच्या कबड्डी संघात दाखल झाले. आज त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरवाचे चार शब्द लिहायला बसले आहे, पण खरे सांगायचे तर डोक्यात नुसता गोंधळ आहे.

दुसऱ्या वर्षी नानांनी माझी चढाई थांबवून मला डाव्या कोपऱ्यात पकडीसाठी उभे केले. खेळाडूची जागा बदलायची तर आधी तिच्या घरी जाऊन सांगायचे, हा त्यांचा नेम. त्याप्रमाणे ते दोंडाईच्याला आमच्या गाद्या भरण्याच्या दुकानात आले. अब्बा हातातला कापूस टाकून घाबरत म्हणाले, "जगह बदली, मतलब टीम से निकाल दिया क्या?" नानांनी जमिनीवर उशा मांडून त्यांना साती जागा समजावल्या. अब्बांना काही कळले नाही, पण माणूस फार आवडला.

मी मात्र महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. नानांनी ते कधी मनावर घेतले नाही. रोज संध्याकाळी ते स्वतः चढाईला येत आणि मला त्यांचा घोटा धरायला लावत. पन्नाशीचा माणूस धाडकन आपटे, कपडे झटके आणि "आखो धर", म्हणजे पुन्हा धर, म्हणे. घरी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, हळद घेऊन वाटच पाहत असत.

त्याच कोपऱ्यामुळे मला विद्यापीठाचा संघ मिळाला आणि पुढे जळगावच्या कॉलेजातली ही प्रशिक्षकाची नोकरीही. म्हणजे नाना बरोबर होते. पण आजही कुणी चढाईला निघाले की माझाच पाय उचलला जातो. मग ते बरोबर कसे?

हे सगळे आत्ताच आठवायचे कारण माझी रंजना. पिंपळनेरची ही मुलगी आमची सर्वांत चांगली चढाईपटू आहे. उद्याच्या सामन्याला निवड समितीचे लोक तिची चढाई बघायला येणार आहेत आणि आमच्या कोपऱ्यातल्या मुलीचा गुडघा नेमका आता दुखावला. रंजनाला तिथे हलवले तर संघ उभा राहतो, पण तिची निवड कदाचित हुकते. तिला विचारले तर म्हणते, "मॅडम, तुम्ही सांगशात तसं."

काल नानांकडे धावले. ते म्हणाले, "माले काय इचारस? तुले हलाडं ते बरोबर व्हतं का चूक, आज बी माले समजत नही."

मला राग आला, हसू आले आणि शेवटी रडूच फुटले. ज्यांच्या खात्रीवर मी इतकी वर्षे निर्धास्त होते, त्यांना खात्री नव्हतीच! तरी मला कोपऱ्यात हलवले त्या दिवशी त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. तेवढे ओझे त्यांनी एकट्याने वाहिले.

उद्या सकाळी मी रंजनाला डाव्या कोपऱ्यात उभे करणार आहे. आवाज ठाम ठेवीन. नानांना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो, कारण कधीतरी रंजना मला जाब विचारायला येईल आणि तेव्हा तिला घेऊन मी त्यांच्याकडेच जाणार आहे.