‘बांधण्यात आला’, पण कोणी?

बाईंना कार्यालयातही सगळे ‘बाई’च म्हणत. बावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, मग पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या कार्यालयात बदली झाली. खुर्ची बदलली, हाक तीच राहिली.

त्यांच्या टेबलावर चौथीच्या इतिहासाचं जुनं पुस्तक असे. त्यात ‘आपले शहर’ नावाचा पाठ. पाठात एकोणीस सालं होती आणि माणूस एकही नव्हता. मुलं तो परीक्षेच्या आदल्या दिवशी गिळत आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिकेवर ओकत. बाईंनी तो बावीस वेळा शिकवला होता, त्यामुळे त्याच्यावर त्यांचा जुना राग होता.

आता पुस्तक नवं होणार होतं. बाईंनी एकोणीस सालं काढून टाकली आणि एकच गोष्ट घेतली: शहरातला नदीवरचा पूल. त्यांच्या जुन्या शाळेतली निम्मी पोरं रोज तो ओलांडून येतात. चार पानांना पाच महिने लागले. त्यातले दोन महिने जुन्या कागदांच्या खोलीत शिंकण्यात गेले.

विभागाच्या साहेबांनी पाठ वाचला. वाईट माणूस नव्हता, पण सही करताना त्याचा हात जड होई.

“गुरुवारी एका वर्गात शिकवून दाखवा,” ते म्हणाले. “मी मागे बसतो. मुलं रमली तर हा घेऊ. नाही रमली तर जुनाच छापू. तो निदान तपासलेला आहे.”

एकदा छापलेला पाठ दहा वर्षं जागचा हलत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पुढच्या दहा वर्षांतली पोरं पुन्हा ती एकोणीस सालं गिळणार.

रविवारी सकाळी त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि वडिलांना म्हणाल्या, “आबा, पाठ वाचून दाखवते. ऐकता का?”

आबा गवंडी. हातातली थापी सुटून पंधरा वर्षं झाली, तरी भिंत दिसली की ती सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघायचे. ते पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. “वाच.”

“नदीवरचा पूल चार वर्षांत बांधण्यात आला.”

“कोणी?”

“काय कोणी?”

“कोणी बांधला?”

“आबा, पुढे ऐका तर. त्यासाठी डोंगरातून दगड आणण्यात आला.”

“कोणी?”

“नदीपात्रात पाया खोदण्यात आला.”

आबांनी सुई चपलेत खोचून ठेवली. “अगं, पूल म्हणजे काय कुत्र्याची छत्री आहे, पाऊस पडला की आपोआप उगवायला? चार वर्षं होतो मी त्याच्यावर! छातीएवढ्या पाण्यात उभं राहून खोदलाय पाया. आणि तू म्हणतेस, खोदण्यात आला.”

आबा पुलावर होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कपाटाचं डावं दार अडकतं हे ठाऊक असतं, तसं. त्याला कोणी इतिहास म्हणत नव्हतं. दोन महिने धूळ खाऊन जे शोधलं, ते शेजारच्या खोलीत घोरत होतं.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि पाठातले ‘आला’, ‘आली’, ‘आले’ मोजले. तेवीस निघाले. पुस्तकाची भाषा म्हणून बिनबोभाट लिहून गेल्या होत्या.

“बरं, मग सांगा. दगड कोणी आणला?”

“खाणीवरच्यांनी. त्यात नवराबायकोच्या जोड्या होत्या. तो फोडायचा, ती वाहायची. मजुरी मात्र तिला कमी.”

बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, “बायकांनी डोक्यावरून दगड आणि वाळू वाहिली.”

“फार लवकर वाहिली,” आबा म्हणाले. “ते झाडाखालचं घमेलं घे. वाळू भर. गच्चीवर नेऊन ओत.”

“आबा, मी पन्नाशीची आहे!”

“पन्नाशीच्याही होत्या त्यांत. आणि चुंबळ कर आधी, नाहीतर टाळूला भोक पडेल.”

बाईंनी जुन्या ओढणीची गोल गुंडाळी करून डोक्यावर ठेवली, तिच्यावर घमेलं ठेवलं. दोन मजले. पहिल्या खेपेला हसू आलं. तिसऱ्या खेपेला मान धरली. पाचव्या खेपेनंतर त्या गच्चीच्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच.

“किती झाल्या?” खालून आवाज आला.

“पाच!”

“चहाची सुट्टी सत्तर खेपांनी व्हायची. ये खाली. आता लिही.”

बाईंनी ते वाक्य खोडलं आणि त्याची तीन वाक्यं केली. अक्षर वाकडं आलं, पण वाक्यं सरळ होती.

सोमवारी कार्यालयातल्या चित्रकाराने चित्र दाखवलं: पुलाचं काम, एक बाई दोन्ही हातांनी घमेलं पुढे धरून हसत चालली आहे. रविवारच्या आधी बाईंनी ते लगेच मंजूर केलं असतं.

“ही हॉटेलात बशा घेऊन चालली आहे का?” त्या म्हणाल्या. “चुंबळ कुठे आहे?”

“चुंबळ म्हणजे?”

बाईंनी त्याचा रुमाल मागून घेतला, गुंडाळला, त्याच्याच डोक्यावर ठेवला आणि वर फायलींचा गठ्ठा दिला. “चला आता दारापर्यंत. मान कशी राहते ते बघा आणि तशी काढा.” चित्रकार गठ्ठा सांभाळत दारापर्यंत गेला. परत आल्यावर मुकाट्याने नवा कागद घेतला.

गुरुवार उजाडला. अडतीस मुलं, मागच्या बाकावर साहेब, गुडघे बाकाला टेकलेले. बाईंनी आधी फळ्यावर आपल्या पाठाच्या पहिल्या खर्ड्यातलं वाक्य लिहिलं: पाया खोदण्यात आला.

“या वाक्यात एक चोरी आहे. काय चोरीला गेलंय?”

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग खिडकीजवळची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, “खोदणारा.”

“शाब्बास! मग या वाक्याला काय विचारायचं?”

“कोणी?”

“सगळ्यांनी विचारा.”

“कोणीऽऽ?” अडतीस तोंडांतून आलं. शेजारच्या वर्गातल्या शिक्षिका डोकावून गेल्या.

मग बाईंनी नवा पाठ वाचला. वाळूचं घमेलं पुढे आणलं. मुलांनी रुमालांच्या चुंबळी केल्या, खिडकीपासून दारापर्यंत खेपा घातल्या. वाळू सांडली, एकाच्या शर्टात गेली, तो नाचला, सगळे हसले. एक जण म्हणाला, “माझी आजी पुलावर होती. आज घरी गेलो की विचारतो.” लगेच दुसरा म्हणाला, “माझे मामा अजून रस्त्याच्या कामावर आहेत.” प्रत्येकाला कोणीतरी आठवायला लागलं.

घंटा झाली. साहेब उठले, कोट झटकला, घसा साफ केला. बाईंना त्यांच्या तोंडावरून काहीच कळेना.

“मुलांनो, छान. पाठाची नोंद घेण्यात आली आहे. निर्णय यथावकाश कळवण्यात येईल.”

“कोणीऽऽ?” वर्ग गरजला.

बाईंनी डोळे मिटले. संपलं, त्यांना वाटलं. पाच महिने गेले त्या वाळूत.

साहेबांचे कान लाल झाले. “म्हणजे… कार्यालयाकडून.”

“कार्यालयातलं कोण?” वेण्यांची मुलगी उभी राहिली. ती काही उर्मट नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, फळ्यावरच्या वाक्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“मी,” ते म्हणाले. “मी कळवणार.”

“कधी?” मागून कोणीतरी.

“अरे! हे तर शिकवलं नव्हतं!” साहेब हसले तेव्हा बाईंनी श्वास सोडला. “बरं, आत्ता. पाठ मी घेतला. झालं समाधान?”

त्यांनी तिथेच मुलीच्या बाकावर कागद टेकवून लिहायला घेतलं. सवयीने ‘मंजूर करण्यात’ इतकं लिहून झालं होतं. थांबले, खोडलं आणि लिहिलं: मी मंजूर करतो. खाली सही केली. बाईंनी बघितलं, हात काही एवढा जड नव्हता.

चार महिन्यांनी छपाईआधीची प्रत आली. बाईंनी ती आबांच्या हातात दिली आणि समोर बसून राहिल्या. आबांनी पाठ दोनदा वाचला, बोट ओळीवरून फिरवत. चित्रातली चुंबळ चष्मा वर करून तपासली. त्यांच्याकडून ‘छान’ ऐकायची बाईंना सवय नव्हती.

मग त्यांनी पुस्तक मिटलं, उलटं केलं आणि मागच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरांत छापलं होतं: हे पुस्तक तज्ज्ञ समितीच्या मार्गदर्शनाखाली तयार करण्यात आले आहे.

“कोणी?” आबांनी विचारलं.

बाईंनी कपाळावर हात मारला आणि पेन्सिल शोधली. ती ओळ खोडून नावं लिहायला घेतली: लिहिणारी, चित्रकार, टंकलेखक, छापखान्यातले दोघे. थोडं थांबून त्यांनी शेवटी आणखी एक ओळ घातली: पुलाची माहिती एका गवंड्याने दिली.

आबांनी ती ओळ वाचली. “सरळ आहे,” ते म्हणाले, आणि एक डोळा मिटून पुन्हा एकदा बघितली.