उजव्या कानावरची पेन्सिल

आमच्या डॉक्टरांइतका मेलेल्यांशी अदबीनं आणि जिवंत माणसांशी तिरसटपणे वागणारा माणूस मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत दुसरा झाला नसेल. पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर होते ते, आणि मी त्यांची टायपिस्ट. ऐंशी सालानंतरची आठ वर्षं मी त्या शवागाराच्या खिडकीबाहेर, व्हरांड्यात, टाइपरायटर घेऊन बसले. लोक विचारायचे, बाई, भीती नाही वाटत? भीती कसली डोंबलाची, कंटाळा यायचा. फिनेलच्या वासाचा, चौथ्या कार्बनवर अक्षर न उठण्याचा, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांचाही. मयताला ते 'अहो' म्हणत. "अहो, जरा कुशीवर घेतो हं तुम्हाला," असं म्हणून मग हात लावायचे. आणि दारात पंचनाम्याचे कागद घेऊन उभ्या हवालदाराला मात्र, "ए, तू बाहेर थांब." हवालदार बिचारा पन्नाशीचा.

जखम दिसली की त्यांना राहवत नसे. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि उजव्या कानावर पेन्सिल, ही त्यांची कायमची आयुधं. एका लग्नात जेवायला वाढणाऱ्या माणसाच्या मनगटावर भाजल्याचा डाग दिसला, तर पंगतीत बसल्या बसल्या त्याचा हात धरून ह्यांनी पट्टी लावली. बासुंदी तशीच ओघळत राहिली. आमचे हेडक्लार्क एकदा आठ-दहा दिवस दांडी मारून आले आणि काल न्हाणीघरात पडलो म्हणून कपाळ दाखवू लागले. डॉक्टरांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि सगळ्या ऑफिससमोर सांगितलं की कालची जखम निळी असते, ही हिरवी पडून पिवळी व्हायला लागली आहे, म्हणजे आठवडा तरी झाला. हेडक्लार्क मेव्हण्याच्या हळदीत नाचताना मांडवाच्या खांबावर आपटले होते, हे नंतर बाहेर आलं. तेव्हापासून आमच्याकडे कुणी खोटं आजारपण काढलं नाही, निदान दिसण्यासारखं तरी.

दाखल्यावर 'हार्ट फेल' लिहिलेलं दिसलं की त्यांचं डोकंच फिरायचं. वॉर्डातला कुणी नवा डॉक्टर तसं लिहून पाठवायचा, आणि हे कागद घेऊन तीन जिने चढून त्याच्यापुढे उभे. हृदय सगळ्यांचंच थांबतं, ते मरण झालं, कारण कुठाय, असं विचारायचे. त्यांना एक शोधनिबंध लिहायचा होता, डॉक्टरांच्या हातून होणाऱ्या चुकांवर. त्यासाठी एक लांबडी वही घेऊन ते आसपासच्या इस्पितळांत फिरत आणि भेटेल त्या डॉक्टराला त्याची एखादी चूक मागत. आता चूक ही काय मागायची वस्तू आहे? लोक ह्यांना लांबून बघून कँटीनच्या मागच्या दारानं सटकायचे. पाच वर्षांत वहीत अकरा चुका जमल्या, त्या अकराही ह्यांच्या स्वतःच्या. "दुसऱ्याच्या हव्या तितक्या मिळतात, बाई," ते मला म्हणाले, "स्वतःची कुणी देत नाही."

पण सगळ्यात छळवाद होता तो त्यांच्या डाव्या-उजव्याचा. समोर झोपलेल्या माणसाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, त्यात घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक जखमेला ते मयताच्या पायाशी जात, त्याच्याकडे पाठ करत, तो झोपलाय तसे आपण ताठ उभे राहत, आणि स्वतःच्या अंगावर त्याच जागी हात ठेवून मला खिडकीतून मोठ्यांदा सांगत, उजवं कोपर, डावा गुडघा. जखमा वीस असतील तर वीसदा. मग शवागाराच्या रजिस्टरात पेन्सिलीनं माणसाची आकृती काढून तिच्यावर खूण. मग मी टाइप केलेला कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत त्यांना वाचून दाखवायचा, आणि नंतर सही. एवढ्याशा अहवालाला दुपार जायची. मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील, देवालाच ठाऊक.

आता जे सांगते ते मी आजवर घरीही कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी सहा पोस्टमॉर्टेम होती. बाहेर पालिकेचे लोक जुनी भिंत फोडत होते, घणांच्या आवाजात डॉक्टरांचं बोलणं मला ऐकूच येईना. घरी मुलीला ताप होता, शेजारणीच्या भरवशावर टाकून आले होते. सहावा होता कुर्ल्याचा एक तरुण, माळ्याच्या शिडीवरून पडलेला. डॉक्टर माझ्याकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचा हात कानाच्या वर होता. पुन्हा विचारायचा कंटाळा आला. मी नुसतं बघून टाइप केलं. समोरून मला तो हात डावीकडे दिसला, मी डावा कान लिहिला. कोपर आणि खांदा ऐकू आले, ते उजवे लिहिले. कागद नेऊन ठेवला आणि म्हटलं, वाचलाय मी डॉक्टर, बरोबर आहे, सही करा. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली.

पाचेक महिन्यांनी एक बाई व्हरांड्यात येऊन बसली. हेडक्लार्कनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच तिला बघितलं आणि आत बोलावून खुर्ची दिली. त्या तरुणाची आई होती ती. सकाळी दोघा भावांचं भांडण झालं होतं, ते चाळीनं ऐकलं होतं, आणि दुपारी थोरला पडला. पोलिसांचं म्हणणं, धाकट्यानं समोरून डोक्यात डाव्या बाजूला वार केला आणि मग हा उजव्या अंगावर कोसळला. नाहीतर डोक्याला डावीकडे आणि अंगाला उजवीकडे कसं लागेल? धाकटा तेव्हापासून तुरुंगात होता. वकिलानं अहवाल वाचून दाखवला तेव्हा तिला ते डावं खटकलं होतं.

"डॉक्टर, माझ्या थोरल्याला उजवीकडं लागलेलं. मी मांडीवर घेऊन ह्या हातानं पदर दाबलेला. हात विसरतो काय?"

मी तिथंच उभी होते. डॉक्टर तिच्याशी वाद घालायला गेले नाहीत. रजिस्टर मागवलं, पान काढलं. आकृतीवर कानाची खूण उजवीकडे होती, कोपराची उजवीकडे, खांद्याची उजवीकडे. सगळं एकाच अंगाला, सरळसरळ पडलेल्या माणसासारखं. मग फायलीतला माझा कागद बघितला. आणि तिला म्हणाले, तुमचं बरोबर आहे, कागद चुकलाय, मी कोर्टात सांगेन.

कोर्टात रजिस्टर घेऊन मी त्यांच्याबरोबर गेले होते. सरकारी वकिलानं त्यांची जी काही चिरफाड केली, ती बघवत नव्हती. इतकी वर्षं काम करून डॉक्टरसाहेबांना डावं-उजवं कळत नाही काय, असं विचारलं, लोक हसले. डॉक्टर पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, "कळतं. त्या दिवशी तपासलं नाही. सही माझी आहे, चूक माझी आहे." मी मागच्या बाकावर रजिस्टर छातीशी धरून बसले होते. उठायला हवं होतं. उठले नाही. नोकरी जाईल, ह्याच्यापलीकडे डोक्यात काही नव्हतं.

पोरगा सुटला. आई भेटायला आली, पेढे नाही आणले तिनं, कसे आणणार, एक गेलाच होता. कुळथाचं पीठ आणलं होतं डबाभर. डॉक्टरांना मात्र ते प्रकरण चिकटलं. पुढं प्रत्येक कोर्टात कुणीतरी विचारायचंच, आज डावं-उजवं नीट आहे ना? मोठ्या जागेवर जायचं त्यांचं ठरलं होतं, तिथं त्यांच्या हाताखालचा गेला. एका दुपारी फक्त ती लांबडी वही काढून मला म्हणाले, घ्या, बारावी चूक. आणि सांगायला लागले की सदर डॉक्टरने अहवाल वाचून न घेता सही केली. टायपिस्टचा त्यात उल्लेखही नव्हता. माझे हात थांबले. मी म्हटलं, डॉक्टर, मी तो कागद वाचला नव्हता, तुमच्याशी खोटं बोलले.

"ठाऊक आहे. वाचायला तुम्हाला दहा मिनिटं लागतात, बाई. तुम्ही दोनात आलात." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "मीही दमलो होतो. मलाही घरी जायचं होतं. म्हणून सही केली. लिहा पुढं."

मी रडत रडत लिहिलं. निबंध कुठं छापून आला नाही. त्यानंतर एकही कागद मी न वाचता पुढं केला नाही, आणि तो वाचताना कंटाळा आला नाही असंही नाही.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांतच डॉक्टर गेले. त्यांच्या घाटकोपरच्या सोसायटीत जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, हार्ट फेलने दुःखद निधन. मला हसूही आलं आणि भडभडूनही आलं. वर गेले तर माणसं जमलेली, तयारी झालेली. त्यांच्या मिसेसनी ती आखूड झालेली पेन्सिल माझ्या हातात दिली. म्हणाल्या, तुम्हीच ठेवा, त्यांच्या उजव्या कानावर, सवय होती त्यांना.

मी पायाशी उभी होते. पेन्सिल घेऊन पुढं झाले आणि थबकले. मग त्यांच्याकडे पाठ केली, ताठ उभी राहिले आणि स्वतःच्या उजव्या कानाला हात लावून बघितला. लोक बघत होते, ह्या बाईला झालंय काय म्हणून. बघू देत. "अहो डॉक्टर, जरा हात लावते हं," म्हटलं, पुन्हा एकदा तपासलं आणि मगच पेन्सिल ठेवली.